आरशाचे दत्तकविधान

माझ्या भाचीच्या लग्नात जी दोन घराणी एकत्र आली, त्यांच्या कर्त्या पुरुषांचे एकमत झाले असे प्रसंग आजवर मोजून दोन. एक ते लग्न, आणि दुसरा त्या लग्नातल्या आचाऱ्याला पुन्हा म्हणून बोलवायचे नाही हा ठराव. मुलाचे वडील अण्णासाहेब जिल्हा न्यायाधीशाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेले, साध्या बोलण्यातही कलम आणि पोटकलम पाडणारे, आणि चहात साखर किती घालावी याचाही फैसला दोन्ही पक्ष ऐकून घेतल्यावाचून न देणारे गृहस्थ. मुलीचे वडील, म्हणजे माझे मेहुणे तात्या, यांचे पुण्यात तुळशीबागेजवळ तसबिरी मढवण्याचे आणि आरसे बसवून देण्याचे तीन पिढ्यांचे दुकान. त्यामुळे जगातल्या बहुतेक थोर विभूती त्यांनी मागच्या अंगाने, म्हणजे पुठ्ठा, खिळे आणि सरस यांच्या बाजूने, पाहिलेल्या. आणि मी, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला मुलीचा मामा, या दोघांच्या मध्ये बसण्याचे काम वहिवाटीने माझ्याकडे आलेले.

मुले लंडनच्या उत्तर भागात राहतात. नातवाच्या चौथ्या वाढदिवसाला आम्ही तिघे तिथे जमलो होतो, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी, पाऊस नाही असे पाहून, अण्णासाहेबांनी हॅम्पस्टेडच्या माळावरच्या केनवुड हाउसची टूम काढली. त्यांच्या लेखी ही यात्रा होती. हे घर लॉर्ड मॅन्सफील्डचे. १७५६ पासून १७८८ पर्यंत इंग्लंडच्या सरन्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या, आणि १७७२ साली जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याने जबरदस्तीने जहाजावर घालून परदेशी नेणे कायद्याला मंजूर नाही असा निवाडा देणाऱ्या त्या स्कॉटिश पुरुषाविषयी अण्णासाहेबांना वकिलीच्या पहिल्या वर्षापासून भक्ती. तात्या आले ते प्रवेशमूल्य नाही हे कळल्यावर.

या घरातले ग्रंथालय रॉबर्ट अ‍ॅडम याने १७६७ ते १७६९ या काळात बांधले. दोन्ही टोकांना देवळाच्या गाभाऱ्यासारखे अर्धवर्तुळाकार भाग, त्यांच्यापुढे खांबांची जोडी, वर कमानदार छत, छतावर फिकट निळ्या व गुलाबी पटांवर चुनेगच्चीची शुभ्र नक्षी आणि मध्ये मध्ये अंतोनिओ झुक्की याची चित्रे. दक्षिणेच्या उंच खिडक्यांतून उतरती हिरवळ आणि तळे दिसते. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीत, शेकोटीच्या दोन्ही अंगांना, खोल कोनाड्यांत मोठाले आरसे बसवलेले आहेत. त्यामुळे खिडकीकडे पाठ करून उभे राहिले तरी तळे सुटत नाही. समोरच्या भिंतीतही तेच झाडांचे पिवळे शेंडे हलताना दिसतात. घर बांधले तेव्हा म्हणे त्या आरशांत लांबचे लंडन शहर आणि थेम्स नदीही येत असे.

अण्णासाहेब मधोमध उभे राहून काही वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले,

"तात्यासाहेब, संयम म्हणतात तो हा. याच्या आधी दहा-पंधरा वर्षे याच देशात आरसे कसे होत? सोनेरी शिंपले, गळते पाणी, लांब चोचींचे करकोचे, चिनी छत्रीखाली बसलेला चिनी माणूस, आणि डाव्या अंगाचा उजव्या अंगाशी मेळ म्हणून नाही. थॉमस चिपेंडेल याने १७५४ साली नमुन्यांचे पुस्तक काढले त्यात असल्या आरशांची रेलचेल आहे. त्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपले तोंड शोधावे लागत असेल! इथे पाहा. सरळ रेषा, वर एक कलश, दोन बाजूंना सारख्या माळा. चौकट बोलते ती विचारल्यावर, आणि विचारले तेवढेच. चांगल्या साक्षीदारासारखी."

तात्या तोवर दोरीच्या अलीकडून, मान जितकी पुढे जाईल तितकी नेऊन, एका चौकटीचा कोपरा न्याहाळत होते.

"मेळ नव्हता म्हणून तर अण्णासाहेब, कारागिराचा हात लागत होता," ते मागे न वळता म्हणाले. "डावे पान निराळे, उजवे निराळे, प्रत्येकासाठी पटाशी नव्याने धरावी लागायची. ही तुमची समता सोपी आहे. अर्धा आराखडा काढायचा, कागद मध्यावर दुमडायचा, उरलेला अर्धा फुकट मिळतो. संयम कसला? मजुरीची बचत म्हणा."

यावर अण्णासाहेबांनी जे कथन केले ते सबंध देत नाही, कारण त्यात अ‍ॅडमच्या वडिलांचीही हकीकत आली होती. मुद्द्यापुरते एवढेच, की १७२८ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा वास्तुकार १७५४ मध्ये इटलीच्या वाटेला लागला आणि रोमच्या पडझडीत बसून दोनेक वर्षांत जे शिकला ते घरच्या गुरूंनी चाळीस वर्षांत शिकवले नसते. परतीच्या वाटेवर, १७५७ साली, एड्रियाटिक समुद्राकाठच्या स्पालाटो गावी, ज्याला आता स्प्लिट म्हणतात, डायोक्लेशन बादशहाच्या प्रासादाची मोजणी त्याने पाच आठवड्यांत उरकली, आणि तटबंदीचे नकाशे काढणारे हे परके लोक हेर तर नसतील अशी शंका तिथल्या व्हेनिसच्या अंमलदाराला आल्यावाचून राहिली नाही. त्या मोजणीचा ग्रंथ १७६४ मध्ये निघाला. व्हेसूव्हियसच्या राखेखालचे हर्क्युलेनियम १७३८ पासून आणि पॉम्पेई १७४८ पासून उकरले जात होते, आणि भिंतीवरच्या नाजूक वेलबुट्टीचे छापील नमुने युरोपातल्या प्रत्येक रसिक सरदाराच्या मेजावर पोहोचत होते. व्हिंकेलमान नावाच्या जर्मन पंडिताने ग्रीकांच्या कलेत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता आहे असा सिद्धान्त मांडला होता. अ‍ॅडमचा स्वतःचा दावा असा, की मी प्राचीनांची अक्षरे गिरवली नाहीत, त्यांचा अभिप्राय उचलला.

"म्हणजे पूर्वनिर्णय पाहिले, पण खटला आपल्या काळाचा चालवला," अण्णासाहेब म्हणाले. "मॅन्सफील्डनेही व्यापाराच्या कायद्यात तेच केले. असा अशील आणि असा वास्तुकार एकत्र यावा हा योग आहे!"

"बरे," तात्या म्हणाले, "मग मला यातले एकेक ओळखू द्या. ही कडेची वेणी, हा आमचा गोफ. ही गोल तबकडी?"

"ती रोमन पुजारी देवापुढे मद्य ओतत ते पात्र."

"म्हणजे ताम्हण. आणि हा पंख्यासारखा उघडलेला पाकळ्यांचा झुबका?"

ती ग्रीकांची पालवी, असे मी सांगितले, आणि बिहारातल्या रामपूर्वा येथे सापडलेल्या अशोकाच्या वृषभस्तंभावर, बैलाच्या पायाखालच्या पट्टीत, हिचीच बहीण आहे हेही सांगितले. तात्यांना ते आवडलेले दिसले.

"आणि वरचा कलश?"

इथे मला थोडे थांबावे लागले, कारण असल्या कलशात रोमन लोक बहुधा मृताची रक्षा ठेवीत.

"अस्थिकलश!" तात्यांचा आवाज इतका चढला की पहारेकरी बाईंनी आमच्याकडे पाहिले. "दिवाणखान्यातल्या आरशावर! गोफ, ताम्हण, अस्थिकलश आणि मेंढ्याची मुंडकी; क्रियाकर्माचे सगळे साहित्य जमले, भटजी तेवढे राहिले. असो. आता मामा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, एक सांगा. या जुन्या रोमन लोकांच्या वाड्यांत असा आरसा होता का? माणसापेक्षा उंच, काचेचा, भिंतीत बसवलेला?"

नव्हता. सगळा वाद या एका शब्दापाशी अडला, आणि माझ्या मते सगळी शैलीही तिथेच अडलेली आहे. रोमन स्त्रीचा आरसा म्हणजे घोटून चकचकीत केलेली काशाची वा चांदीची चकती, हातात धरायची. काचेला मागून शिशाचा पातळ थर दिलेले आरसे होते, पण ते तळहाताएवढे. केनवुडमध्ये जी वस्तू खोलीच्या भिंतीत खिडकीची प्रतिस्पर्धी होऊन बसली आहे, ती प्राचीनांनी स्वप्नातही पाहिली नव्हती. ती अ‍ॅडमच्या पिढीला नुकतीच लाभलेली, कारखान्यातून आलेली, अत्यंत महाग आणि अत्यंत नवी चीज होती. पूर्वी काच फुंकून तिची लांब नळी करीत, ती उभी चिरून सपाट करीत, आणि फुंकणाऱ्याच्या छातीत जेवढा दम तेवढाच आरसा मोठा होई. चौदाव्या लुईच्या सरकाराने १६६५ साली व्हेनिसकरांची मक्तेदारी मोडण्यासाठी शाही कारखाना काढला. व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे बसले ते लहान लहान तुकडे जोडून. वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतून तिच्यावर रूळ फिरवण्याची युक्ती सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सात साधली, सेंट-गोबँ येथे ती भरभराटीला आली, आणि पुढची पाऊणशे वर्षे मोठी अखंड काच हवी असेल तर इंग्लंडातल्या लॉर्डालाही तिच्यासाठी शत्रूच्या देशाकडे तोंड करावे लागे. इंग्रजांचा स्वतःचा ओतीव काचेचा कारखाना रेव्हनहेड येथे निघाला तो १७७३ नंतर. शिवाय १७४५ पासून काचेवर वजनाच्या हिशेबाने अबकारी कर होता, आणि तो बरोबर शंभर वर्षांनी, १८४५ मध्ये उठला. मोठा आरसा भिंतीला लावणे म्हणजे आपले उत्पन्न भिंतीला लावणे होते.

"म्हणजे आतली काच कालची," तात्या म्हणाले, "आणि चौकट दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचा बहाणा. नवश्रीमंताने बखरकाराला चार मोहोरा देऊन सूर्यापासूनची वंशावळ लिहवून घ्यावी तसे. अण्णासाहेब, तुमच्या कोर्टात बनावट वंशावळ रुजू झाली तर तुम्ही काय करत होता?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की निकाल जवळ आला हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

"बनावट वंशावळ म्हणजे जन्म झाला असे खोटे सांगणे. जन्म झाला नाही हे सर्वांना माहीत असताना, विधिपूर्वक, चार लोकांसमोर मुलगा घरात घेतला, तर ती लबाडी नव्हे, ते दत्तकविधान. त्या मुलाला घराण्याचे नाव लागते, कुळाचार लागतो, पिंड देण्याचा अधिकार येतो. हा काचेचा पोरका पोर कारखान्यात जन्मला, याला ना कूळ ना गोत्र. अ‍ॅडमने त्याला रोमच्या घराण्यात दत्तक दिले. तो पॉम्पेईत जन्मला असे कोणी म्हणत नाही. तो तिथला वारस ठरवला गेला."

हा युक्तिवाद मला इतका भावला की मी मनातल्या मनात निकालपत्रावर सही करून टाकली. तात्या मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत, आणि दुर्दैवाने अण्णासाहेबांनी, जिंकलेल्या वकिलाने करू नये ती चूक करून, एक पुरावा जास्तीचा दिला. ही शैली किती दूरवर नांदली पाहा, असे म्हणून त्यांनी डर्बीशरमधल्या केडलस्टन हॉलचे नाव काढले. तिथले अ‍ॅडमचे काम सर्वश्रुत आहे, आणि वेलस्लीने १७९९ ते १८०३ या वर्षांत कलकत्त्याला गव्हर्नर जनरलचा जो वाडा उठवला तो त्याच घराच्या धर्तीवर. पुढे केडलस्टनमध्येच जन्मलेला कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या वाड्यात राहायला आला, तेव्हा त्याला माहेरी आल्यासारखे वाटले असेल.

"थांबा," तात्या म्हणाले. "कलकत्त्याच्या त्याच वाड्यात पुढे डलहौसी बसत होता ना?"

"होय. १८४८ पासून."

"आणि १८४८ सालीच साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज निवर्तले, आणि त्यांनी घेतलेले दत्तक त्याने नामंजूर केले. मग नागपूर. मग झाशी. वा! ज्या शैलीला तुम्ही दत्तकविधान म्हणता, तिच्याच खांबांखाली बसून आमची दत्तके नामंजूर झाली. रोमशी काडीचा संबंध नसलेल्या काचेला वारसा मंजूर, आणि शिवाजीच्या गादीला नामंजूर!"

अण्णासाहेबांनी चष्मा पुन्हा घातला. यावर अपील नव्हते.

थोड्या वेळाने, जरा खालच्या स्वरात, तात्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: या आरशांत पाहत कोण होते? आणि अण्णासाहेब उत्तर देईनात म्हणून मी दिले. मॅन्सफील्डला अपत्य नव्हते. घरात त्याच्या भावंडांच्या दोन नाती वाढल्या. एक लेडी एलिझाबेथ मरे, आणि दुसरी डायडो एलिझाबेथ बेल, आरमारातल्या भाच्याला एका आफ्रिकी गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. हे आरसे बसले तेव्हा डायडो आठ वर्षांची असेल. सॉमरसेटचा निवाडा देणाऱ्या त्याच न्यायाधीशाला आपल्या मृत्युपत्रात ती स्वतंत्र आहे हे वेगळे नमूद करून ठेवावेसे वाटले. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी खिडकीतून तळ्याकडे पाहिले, मग आरशातल्या तळ्याकडे.

बाहेर पडल्यावर अण्णासाहेबांचा स्वभाव उफाळून आला, म्हणजे त्यांनी आपल्याच पक्षाविरुद्धचा एक दस्तऐवज आपण होऊन हजर केला. त्या घराच्या दक्षिणेकडच्या दर्शनी भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, की तिच्यावरची मूळची नक्षी दगडाची नव्हती, तेलमिश्रित चुन्याची होती. लियार्डे नावाच्या एका स्विस धर्मगुरूने त्या चुन्याचे १७७३ मध्ये पेटंट घेतले आणि अ‍ॅडम बंधूंनी त्याच्याकडून हक्क विकत घेतले. जॉन्सन नावाच्या इसमाने तसलाच चुना विकायला आणला तेव्हा १७७८ साली दावा लागला, आणि दावा चालला कोणापुढे? लॉर्ड मॅन्सफील्डपुढे!

"म्हणजे ज्याच्या घराला चुना लावला, तोच न्यायाधीश?" तात्यांचा चेहरा खुलला. (लंडनमध्ये इतकी मराठी कोटी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच झाली असावी.)

"तोच. निकाल अ‍ॅडमच्या बाजूने गेला. जॉन्सनने पुढे पुस्तिका छापून न्यायमूर्तींवर पक्षपाताचा आरोप केला. कायद्याच्या दृष्टीने मात्र खटला मोठा आहे. पेटंट घेणाऱ्याने कृती इतक्या स्पष्टपणे लिहून दिली पाहिजे की दुसऱ्या कारागिराला ती वाचून माल तयार करता यावा, हे तत्त्व त्यात पुढे आले."

"आणि चुना?"

"फार काळ टिकला नाही," अण्णासाहेब म्हणाले. हे सांगताना त्यांना यातना झाल्या.

हॅम्पस्टेड गावाकडे चालताना वाटेत स्पॅनियर्ड्स नावाची जुनी खानावळ लागते. १७८० च्या दंग्यात जमावाने मॅन्सफील्डचे शहरातले घर आणि त्यातले ग्रंथ जाळले आणि मोर्चा केनवुडकडे वळवला, तेव्हा इथल्या मालकाने त्यांना फुकट दारू पाजून फौज येईपर्यंत अडकवून ठेवले असे सांगतात. कला दारूमुळे वाचल्याचा हा दाखला आमच्या दारूबंदीवाल्या व्याह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

गावातल्या एका गल्लीत जुन्या सामानाचे दुकान होते. दुकानदार बाई वृद्ध, लोकरी शाल पांघरून बसलेल्या. मागच्या भिंतीला अंडाकृती आरसा टांगला होता: वर कलश, कलशाच्या कानांतून निघून दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या घंटाफुलांच्या बारीक माळा, खाली पालवी. डाव्या माळेतली काही फुले गळालेली. आणि मग जवळपास अर्धा तास तात्यांनी जे केले ते पाहायला मिळाले, म्हणून तरी या प्रवासाचा खर्च मला वसूल झाल्यासारखा वाटतो.

बाईंची परवानगी घेऊन त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिचे टोक काचेला टेकवले. खरे टोक आणि आरशातले टोक यांच्या मध्ये अंतर राहते, ते काचेच्या जाडीमुळे. पेन्सिल ते सावकाश वरून खाली नेत होते, आणि ते अंतर कुठे किंचित वाढत होते, कुठे कमी होत होते. "हाताने घासलेली काच. यंत्राची असती तर अंतर हलले नसते." मग पांढरा रुमाल काचेला लावून दाखवला, आतला रुमाल करडा, जरासा ढगाळ. मग कडेची तिरपी घासणी अंगठ्याने चाचपली, आणि ती इतकी उतरती होती की अंगठ्याला कळे, डोळ्याला कळत नसे. चौकटीच्या झिजलेल्या कडांवर सोन्याखालून तांबूस माती डोकावत होती. लाकडावर खडू आणि सरस यांचे थर, त्यांवर ही लाल माती, मातीवर ओलाव्याने चिकटवलेला सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर अकीकाच्या घोट्याने घोटाई. आमच्याकडे जुन्या देव्हाऱ्यांवर काम करणाऱ्यांनाही हे सांगावे लागत नाही.

शेवटी त्यांनी आरशाचा खालचा काठ दाखवला. तिथे काच राखाडी पडली होती आणि बारीक कणीदार चमक होती, साखर सांडल्यासारखी.

"मामा, आपण म्हणतो ना, आरशाचा पारा उडाला? आता आरशात पारा असतो कुठे? चांदीचा मुलामा असतो. लीबिग नावाच्या कोणा जर्मनाने चांदीची युक्ती काढली म्हणून आजोबा सांगायचे. पण शब्द राहिला. हा पाहा, हा खरा पारा उडालेला आरसा. सपाट दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, सुरकुती राहता कामा नये. त्यावर पारा ओतायचा, तळे होईपर्यंत. आणि काच एका काठाने त्या पाऱ्यावर सरकवत न्यायची, म्हणजे वरची मळी पुढे ढकलली जाते. वर वजने ठेवायची, मेज थोडे कलते करायचे, आणि जास्तीचा पारा दिवसच्या दिवस निथळू द्यायचा. तो पुरता वाळत नाही कधीच. शंभर वर्षांनीसुद्धा खालच्या अंगाला उतरत राहतो."

"आणि काम करणारे?" अण्णासाहेबांनी विचारले.

"हात कापायचे त्यांचे. आधी बोटे, मग ओठ, मग बोलणे. तुमचा संयम, अण्णासाहेब, समोरच्या बाजूला. मागच्या बाजूला हा."

अण्णासाहेबांनी आरशाच्या मागच्या फळीकडे पाहिले. मला वाटते, इतक्या वर्षांत त्यांनी एखाद्या चौकटीची पाठ पहिल्यांदाच पाहिली. नंतर गळालेल्या फुलांच्या जागी उघडी पडलेली तार दिसली तेव्हा तात्यांना दुसरा पुरावा मिळाला. ती फुले लाकडाची नव्हतीच. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचे तेल एकत्र मळून, गरम असतानाच लाकडी साच्यात दाबून काढलेली, आणि तारेवर ओवलेली. इतकी नाजूक माळ लाकडात कोरली तर हाताळतानाच मोडेल, हे खरे. पण एका साच्यातून हजार फुले निघतात हेही तितकेच खरे.

"कोरीव काम नव्हे, छापकाम," तात्या म्हणाले. "सोने लावले म्हणून सोन्याचे दिसते."

"मुंबईच्या टाउन हॉलचे डोरिक खांब तुम्ही पाहिले आहेत," अण्णासाहेब म्हणाले. "१८३३ मध्ये पुरे झालेले. तेही ग्रीकांनी कोरले नाहीत. म्हणून ते पाडायचे का?"

"पाडा कोण म्हणतो? नावे ठेवू द्या की."

चहाच्या दुकानात बसलो तेव्हा मला माझी एक चिठ्ठी राखून ठेवल्याचे आठवले. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. वीतभर उंचीची, अलंकारांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना प्रसाधनाच्या पेट्या घेतलेल्या दासी. ती भारतातली. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस फुटला त्याआधी समुद्रावरून तिथे पोहोचलेली, आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात. तिच्या डोक्यात वरून भोक आहे. ती एखाद्या मेजाचा पाय असावी असे काही म्हणतात, पण ती आरशाची मूठ होती असेही फार दिवस मानले गेले आहे. आणि तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या आपल्याकडे, तेर आणि भोकरदन येथील उत्खननांत.

दोघांचेही चहाचे कप अधांतरी राहिले.

"भोकरदन? जालन्याजवळचे?" तात्या म्हणाले.

"तेच. सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन."

"म्हणजे ज्या पॉम्पेईच्या घराण्यात अण्णासाहेबांनी आरसा दत्तक दिला," तात्या हळूहळू, एकेक शब्द चाचपत म्हणाले, "त्या घरात मूठ आधीच मराठवाड्यातून गेलेली होती."

"असू शकते," अण्णासाहेब म्हणाले. "पुरावा निर्णायक नाही. मूठ होती की पाय, हेच ठरलेले नाही." पण ते हसत होते, आणि बिल त्यांनी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कोणालाही न सांगता घराबाहेर पडले, आणि परतले तेव्हा त्यांच्या हातात नातवाच्या खेळण्यातल्या हिरव्या मातीचा गोळा होता. त्यात उजव्या माळेतल्या शाबूत फुलाचा स्वच्छ ठसा. दुकानदार बाईंनी एक गळालेले मूळ फूलही कागदात गुंडाळून दिले होते. दुपारपर्यंत स्वयंपाकघर म्हणजे कारखाना झाला. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून खडूची पूड आणि सरस आले, राळ मिळाली नाही म्हणून तात्यांनी लंडन शहराला दोन शब्द ऐकवले, आणि माझी भाची आपल्या गाळण्याचे काय झाले हे विचारीत मागे मागे फिरत होती. नातू आपली माती परत मागत होता.

संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सहा घंटाफुले ओळीने ठेवलेली होती. पाच नवी, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी ते एक जुने, त्यालाही तात्यांनी पुसून पांढरे केलेले. अण्णासाहेब दिवा लावून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"तात्यासाहेब, यांतले अस्सल कोणते?"

"ओली आहेत अजून," तात्या म्हणाले. "हात लावू नका."